कारण नोंदवता आले नाही

पहिल्याच दिवशी सरांनी सांगून टाकलं, "हे बघा, मला सर म्हणायचं नाही. इथे सगळे मित्र. मला नुसतं ब्रो म्हणायचं." वर्गातल्या अकरापैकी दहा जण हसले. अकरावे होते स्टेनोकाका. त्यांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं, खाली तारीख टाकली आणि मान वर करून नम्रपणे म्हणाले, "होय, ब्रोसर."

त्या चोवीस वर्षांच्या, केसांचा अंबाडा बांधणाऱ्या मास्तरांना ते नाव चिकटलं ते चिकटलंच. वर्ग भरायचा दातांच्या दवाखान्याच्या वर. खालून मधूनच यंत्राची करकर ऐकू यायची आणि तिच्यापाठोपाठ कुणाचं तरी विव्हळणं. दारावर पाटी होती, 'बोलीतलं इंग्रजी, पातळी पहिली'. प्रवेशाच्या अर्जात 'शिकण्याचा हेतू' असा रकाना होता आणि त्यापुढे नोकरी, प्रवास, परीक्षा असे तीन चौकोन. काकांनी तिन्ही खोडले आणि बाजूला सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'कौटुंबिक'. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, कॉम्प्युटरमध्ये कौटुंबिक नाहीये. काका म्हणाले, मग पुरवणी जोडतो. आणि खरंच जोडली, दीड पानाची. बाईंनी ती वाचली, काकांकडे एकदा पाहिलं आणि 'प्रवास' या चौकोनात खूण केली.

आता हा कौटुंबिक हेतू काय होता ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, चौपन्नाव्या वर्षी या माणसाला ही अवदसा कुठून आठवली.

काका एका मोठ्या कार्यालयात लघुलेखक होते. म्हणजे साहेब बोलतील ते रेघाटिंबांच्या लिपीत झरझर उतरवून घ्यायचं आणि मग टाइप करून पुढे ठेवायचं. मिनिटाला एकशेवीस शब्द, असं त्यांचं प्रमाणपत्र दिवाणखान्यात चौकटीत लावलेलं होतं, लग्नाच्या फोटोच्या वर. त्यावरून घरात एकदा बोलणं झालं होतं, पण ते जाऊ द्या. एकतीस वर्षांत त्यांनी कुणाचा एक शब्द गाळला नव्हता की पदरचा एक घातला नव्हता. साहेबांना शिंक आली तर कंसात 'शिंक' लिहिणारा माणूस.

या नोकरीने त्यांना एक खोड लावून ठेवली होती. हात चालल्याशिवाय त्यांना ऐकूच यायचं नाही. बायको येताना दूध आणायला सांगायला लागली की यांचं बोट मांडीवर सुरू. "अहो, मी मजकूर सांगत नाहीये, बोलतेय तुमच्याशी," असं ती पंचवीस वर्षं सांगत होती. तेही त्यांनी कुठेतरी टिपून ठेवलं असेल म्हणा.

आणि मग लेक. एकुलती एक, एकोणीस वर्षांची. लहानपणी हिच्या तोंडाची टकळी अखंड चालायची. सात वर्षांची असताना कावीळ झाली, महिनाभर अंथरुणाला खिळली, तेव्हा तिचा जीव रमावा म्हणून काकांनी तिला आपली रेघाटिंबांची लिपी शिकवली. पुढे चार-पाच वर्षं बापलेकीच्या चिठ्ठ्या फ्रिजवर लागायच्या. "माझ्या फ्रिजवर मुंग्या कुणी सोडल्या?" असं आई विचारायची आणि हे दोघं तोंड दाबून हसायचे. मग अभ्यास वाढला, चिठ्ठ्या बंद पडल्या. गेल्या वर्षभरात तर बोलणंही आटलं. म्हणजे लेक बोलायची, दिवसभर बोलायची, पण फोनवर, मित्रमंडळींशी, आणि त्या तसल्या इंग्रजीत. काकांचं इंग्रजी कच्चं होतं अशातला भाग नाही. आज्ञाधारक सेवकाने नम्रपणे सादर करण्याचं जे इंग्रजी असतं, ते त्यांच्या बोटांतून आपोआप झरायचं. पण लेकीच्या इंग्रजीत कुणी काही सादरच करत नव्हतं. एकदा ती हसून हसून डोळे पुसत होती, म्हणून त्यांनी विचारलं, "काय झालं गं?"

"काही नाही बाबा. तुम्हाला नाही कळणार."

कार्यालयातल्या एका चौकशीत चार माणसं एकाच वेळी एकमेकांच्या अंगावर ओरडत असताना सगळं शब्दशः टिपून घेतलेला हा माणूस. त्याला त्याच्याच घरात, त्याच्याच लेकीने सांगावं की तुम्हाला नाही कळणार. काकांना ते फार लागलं. दोन दिवस घास उतरला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी क्लास लावला. घरात मात्र सांगितलं की संध्याकाळी फिरायला जातो.

ब्रोसरांचा पहिला नियम असा की शिकलेला शब्द चोवीस तासांत वापरायचा. पहिला शब्द निघाला 'बेट', म्हणजे 'ठरलं, करून टाकतो'. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब म्हणाले, "हा अहवाल चारपर्यंत टेबलावर पाहिजे." चोवीस तासांतले सोळा उलटून गेलेले होते. काका उठून उभे राहिले आणि म्हणाले, "बेट, ब्रो."

साहेबांनी कप खाली ठेवला. मग चष्मा काढला. मग पुन्हा घातला. दुपारच्या आत मेमो आला: 'आपण आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी वरिष्ठांना उद्देशून जे दोन शब्द उच्चारले, त्यांचा अर्थ व हेतू तीन दिवसांत लेखी कळवावा.'

काकांनी पाच मुद्द्यांचा खुलासा दिला. मुद्दा एक, पहिल्या शब्दाचा अर्थ 'आज्ञेप्रमाणे' असा आहे. मुद्दा दोन, दुसऱ्या शब्दाचा अर्थ 'बंधू' असा असून अधोस्वाक्षरीकर्त्याच्या मनात साहेबांविषयी बंधुभावच आहे. मुद्दा तीन, अहवाल चारऐवजी साडेतीनलाच सादर झालेला आहे. मुद्दा चार, सदर शब्द यापुढे कार्यालयीन वेळेत वापरले जाणार नाहीत. मुद्दा पाच, सोबत परिशिष्ट 'अ' जोडले आहे. साहेबांनी त्यावर शेरा मारला, 'पाहिले.' एकतीस वर्षांच्या स्वच्छ सेवापुस्तकात आता ही एक नोंद जाऊन बसली. काकांनी खुलाशाची प्रत सवयीने घरच्या खणात ठेवली आणि त्याविषयी कुणाजवळ चकार शब्द काढला नाही.

यावर दुसरा कुणीही क्लास सोडला असता. काका तसे नव्हते. ब्रोसरांनी पुढचा गृहपाठ दिला, "पुस्तक बंद करा. तरुण मुलं जिथे बसतात तिथे जा, कान उघडे ठेवा, आणि तिथले जिवंत वीस शब्द घेऊन या. कोण, कधी, कशावरून म्हणालं, सगळं सांगता आलं पाहिजे."

हा गृहपाठ वर्गातल्याच दातांच्या डॉक्टरकडच्या मदतनिसाला दिला काय, टॅक्सीवाल्याला दिला काय, त्यांनी दोन-चार शब्द इकडून तिकडून आणले असते आणि विषय संपला असता. पण लघुलेखकाला 'कोण, कधी, कशावरून' असं सांगणं म्हणजे काय, याची त्या बिचाऱ्या ब्रोसरांना कल्पना नव्हती.

कुठे बसावं याबद्दल काकांनी आपल्या राहत्या इमारतीत जरा चाचपणी केली. तिथेच चुकलं. तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाई म्हणाल्या, इंग्रजी गाणी लावा, मी भूल देण्याच्या खोलीत ऐकून ऐकून शिकले. तळमजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर म्हणाले, असली भाषा शिकण्यापेक्षा माणसाने मौन शिकावं, आणि मग मौनाचं महत्त्व त्यांनी चाळीस मिनिटं सांगितलं. इमारतीचे सेक्रेटरी, ज्यांचं चौकात औषधांचं दुकान आहे, ते म्हणाले, "कशाला शिकताय? काही कमी पडतंय का?" म्हणजे जणू काका गोळ्या मागायला आले होते. प्रत्येकाने सल्ला दिला आणि प्रत्येकाच्या लक्षात राहिलं की स्टेनोकाका तरुण मुलांबद्दल काहीतरी विचारत होते.

जिन्याखाली दुचाक्या लावायची जागा होती. तिथे सिमेंटचा एक बाक आणि बाकासमोर रोज साडेपाचला जमणारं त्रिकूट: निळ्या शर्टातला एक उंच मुलगा, एक जाडसर चष्म्याचा, आणि दोन वेण्यांची एक मुलगी. लेकीचीच ही मंडळी. लेक कॉलेजातून सहाला यायची आणि त्यांच्यात मिसळायची. काकांनी नियम केला की सहाला वही बंद. स्वतःच्या मुलीचं बोलणं चोरून उतरवणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. दुसऱ्यांच्या मुलांचं कसं बसत होतं, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

तर काका बाकावर वर्तमानपत्र उघडून बसायचे आणि वर्तमानपत्राच्या आत वही. पेन्सिल दोन्ही टोकांना तासलेली. डाव्या अंगठ्याने पान उलटायचं, तेही असं की कागद वाजता कामा नये. पण पहिल्याच दिवशी त्यांना घाम फुटला. ही पोरं मिनिटाला एकशेसाठच्या वेगाने बोलत होती, वाक्य अर्ध्यावर सोडत होती आणि उरलेल्या अर्ध्यावर हसत होती. साहेब बरे, ते निदान खोकताना थांबायचे. काकांनी दात आवळले आणि जमेल तसं सगळं घेतलं. सगळं म्हणजे सगळं. बाकाच्या आसपास जे जे ऐकू आलं, ते कुणाचंही असो, वहीत गेलं. वीस शब्द तिसऱ्याच दिवशी पुरे झाले होते. पण वही अर्धी भरलेली सोडायची त्यांना सवय नव्हती.

सहाव्या दिवशी वर्तमानपत्र घसरलं. निळा शर्ट पुढे आला.

"काका, काय लिहिताय?"

खोटं बोलणं काकांना कधीच जमलं नाही. "तुमचंच," ते म्हणाले. "तुम्ही चालू ठेवा. फक्त जरा सावकाश बोललात तर बरं होईल."

त्या संध्याकाळी लेक घरी आली ती सरळ काकांच्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता. "बाबा, त्यांनी मला ग्रुपमधून काढलं. म्हणाले, तुझे वडील आमच्यावर नजर ठेवतात आणि तू त्यांना सांगतेस. तुम्ही असं का केलं?"

त्या 'नाही कळणार'नंतर लेकीचं पूर्ण कळलेलं हे पहिलं वाक्य. काकांनी तोंड उघडलं. क्लासचं सांगावं, तर कशासाठी लावला तेही सांगावं लागणार, आणि ते सांगायला त्यांच्याकडे कुठल्याच भाषेत शब्द नव्हते. "गृहपाठ होता," एवढंच ते म्हणाले. लेकीने त्यांच्याकडे पाहिलं, खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. पुढचे नऊ दिवस ती त्यांच्याशी एक अक्षर बोलली नाही. ज्या पोरीजवळ जायचं म्हणून एवढा खटाटोप केला, तिचीच मैत्री मोडून ठेवली, हे काकांच्या मनातून जाईना. बोट मांडीवर चालायचंही थांबलं.

इकडे इमारतीत वहीची बातमी मजल्यामजल्यावर पोचली होती. आता गंमत बघा. त्या बाकावर गेल्या आठवड्यात कोण कोण बसून गेलं, कोण त्याच्यासमोरून गेलं, हे प्रत्येकाने आपापलं आठवून पाहिलं. हेडमास्तरांनी बायकोला सोडलीय म्हणून सांगितलेली सिगारेट त्याच बाकावर ओढली होती आणि निळ्या शर्टाकडून काडीपेटी मागितली होती. नर्सबाईंनी प्राणी पाळायला बंदी असताना मांजर पाळलं होतं आणि जिन्यातून त्याला लाडाने हाका मारल्या होत्या. सेक्रेटरींनी 'सामाईक नळावर गाडी धुऊ नये' अशी सूचना स्वतःच्या सहीने लावली होती, आणि तिच्याखालीच उभं राहून ते पुतण्याला म्हणाले होते, "नळ बारीक सोड, आवाज होतो." मुलांची काळजी एव्हाना कुणालाच राहिली नव्हती. ज्याला त्याला वही हवी होती.

फळ्यावर नोटीस लागली: 'विशेष सभा. विषय: एका सभासदाच्या वहीबाबत.' सभेआधी सेक्रेटरी घरी आले, वही मागितली. काकांनी दिली. सेक्रेटरींनी ती उघडली, उलटी धरली, सुलटी धरली, आणि परत केली.

"हे काय आहे?"

"लघुलिपी."

"मग तुम्ही वाचून दाखवा."

हेडमास्तर मागेच उभे होते. ते म्हणाले, "वा. ज्याच्यावर आरोप, त्यानेच वाचायचं? ते काय वाचतात ते खरं कशावरून?" एकतीस वर्षांत आपण वाचलेल्या शब्दावर कुणी शंका घेतली नव्हती. काकांचा चेहरा इतका पडला की बायको आतून पाणी घेऊन आली.

मग तज्ज्ञ आणायचं ठरलं. लघुलेखनाच्या परीक्षा घेणाऱ्या मंडळाला सेक्रेटरींनी ईमेल पाठवला. उत्तर आलं की अर्ज विहित नमुन्यात नाही. विहित नमुना मागवला. उत्तर आलं की तो पहिल्या उत्तरासोबतच जोडला आहे. जोडलेला नव्हता. शेवटी तज्ज्ञाविनाच रविवारी सकाळी जिन्याखाली, त्याच बाकासमोर खुर्च्या मांडून सभा भरली. त्रिकूटही आलं होतं, दुचाक्यांवर बसून. बाकावर मध्यभागी वही ठेवलेली. तिच्याकडे सगळे असे बघत होते, जणू ती आता उठून बोलायला लागेल.

अर्धा तास नुसताच गोंधळ झाला. वही जाळा, म्हणून एक सूचना आली. वही लॉकरमध्ये ठेवा, म्हणून दुसरी आली. तेवढ्यात जिन्यावरून आवाज आला, "मला वाचता येतं."

लेक पायऱ्या उतरून आली. नऊ दिवसांनी काकांना तिचा आवाज पुन्हा ऐकायला मिळाला, तो असा भर सभेत.

"तू तर त्यांचीच मुलगी," हेडमास्तर म्हणाले.

"मी त्यांच्याशी बोलत नाहीये," लेक म्हणाली. "इमारतीत सगळ्यांना माहीत आहे." हे सगळ्यांना खरंच माहीत होतं. मान्य झालं.

तिने पहिलं पान उघडलं. काही क्षण नुसती बघत राहिली. बारा वर्षांपूर्वी शिकलेलं, गेली सात वर्षं न वापरलेलं, आणि तरी ओठ हलायला लागले. मग सरळ, स्वच्छ आवाजात तिने वाचलं:

"सायंकाळी पाच वाजून बत्तीस मिनिटे. निळा शर्ट: ब्रो. चष्मा: ब्रो. निळा शर्ट: नाही पण, ब्रो. दोघे हसतात. कारण नोंदवता आले नाही."

कुणीतरी खुसकन हसलं.

"पाच छत्तीस. वेण्या म्हणते, आय ॲम डेड. वक्त्री जिवंत असून वडापावसारखं काहीतरी..." लेक थांबली, वही डोळ्यांजवळ नेली. "नाही. 'वक्त्री जिवंत असून पाय हलवत बसली आहे.' पाच एकेचाळीस. चष्म्याच्या मते परीक्षेचा पेपर क्रिंज, म्हणजे बहुधा लाजिरवाणा, होता. पेपर कोणत्या विषयाचा ते सांगितले नाही. निळा शर्ट पुन्हा ब्रो म्हणतो. आजचे एकूण ब्रो त्रेपन्न."

आता दुचाक्यांवरची तिघंही हसत होती. निळा शर्ट म्हणाला, "काका, त्रेपन्न? खरंच?" काकांनी मान डोलावली. आकड्याबाबत त्यांना शंका नव्हती.

लेक वाचत गेली. दुसऱ्या दिवसाच्या पानावर ती क्षणभर अडखळली आणि मग पुढच्या ओळीवर गेली. काका खुर्चीत ताठ झाले. मधली ओळ होती: 'हेडमास्तर, निळ्या शर्टास: काडी आहे का रे? घरी सांगू नकोस.' एक अख्खी ओळ गाळली होती. "एक ओळ..." काकांच्या तोंडून निघालंच. लेकीने वहीवरून त्यांच्याकडे पाहिलं. नऊ दिवसांत पहिल्यांदाच सरळ डोळ्यांत पाहिलं. काकांनी वाक्य तिथेच सोडलं. पुढे मांजर गाळलं गेलं, काकांनी खुर्चीचा दांडा धरला. नळ गाळला गेला, काकांनी डोळे मिटले. पाठोपाठ तीन चुका, आणि तेही त्यांनी स्वतः शिकवलेल्या पोरीच्या हातून. समोर तीन माणसं सुटकेचा श्वास टाकत होती, आणि त्यातही सेक्रेटरींच्या चेहऱ्यावर जरा निराशा दिसत होती. आपलं वहीत काहीच नाही म्हणजे काय.

शेवटच्या पानावर लेक पोचली तेव्हा काकांच्या लक्षात आलं की त्या पानावर काय आहे. ते पान बाकावर लिहिलेलं नव्हतं. वर्तमानपत्र घसरलं त्याच्या आदल्या रात्री घरी, तिच्या बंद दाराबाहेर, जेवणाच्या टेबलाशी बसून लिहिलेलं होतं.

'वीस शब्द पूर्ण. यांतून लेकीशी बोलायला एक वाक्य जुळवायचे आहे. अद्याप जुळलेले नाही. आज ती दार लावून फोनवर नऊ मिनिटे हसली. कारण नोंदवता आले नाही. हसणे कावीळ बरी झाली तेव्हाचेच आहे.'

लेकीचे ओठ एकदा हलले. आवाज आला नाही. तिने तेवढंच पान पुन्हा वरपासून वाचलं, मनात.

"पुढे?" सेक्रेटरी म्हणाले.

"पुढे कोरं आहे," लेक म्हणाली आणि वही मिटली.

सगळ्यांची नजर काकांकडे गेली. ज्या माणसाने साहेबांची शिंक गाळली नाही, तो हे कसं चालू देणार. काका उभे राहिले. घसा साफ केला. "बरोबर आहे," ते म्हणाले. "पुढे कोरं आहे." आणि खाली बसले. एकतीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच चुकीचं वाचन बरोबर म्हणून कायम केलं, आणि त्यांना काही झालं नाही.

सभेने ठराव केला की वहीत आक्षेपार्ह काही आढळलं नाही. ठरावाला अनुमोदन हेडमास्तरांनी दिलं, फारच घाईने. त्रिकुटाने लेकीला मधे घेतलं आणि वहीतली काही पानं तिच्याकडून तिथल्या तिथे पुन्हा वाचून घेतली. वेण्यांच्या मुलीने तर स्वतःच्या पानाचा फोटो काढून ठेवला. काका घरी निघून आले. बायकोने विचारलं, काय झालं? काका म्हणाले, "मिटलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी वही जेवणाच्या टेबलावर होती. काकांनी उघडली. समासात पेन्सिलीने, जरा कच्च्या वळणाच्या, पण ओळखू येणाऱ्या रेघा आणि टिंबं होती. जिथे जिथे 'कारण नोंदवता आले नाही' असं होतं, तिथे तिथे शेजारी कारण लिहिलेलं होतं. 'चष्म्याने प्राध्यापकांची नक्कल केली.' 'स्कूटरचा हॉर्न बसला.' 'कारण काहीच नव्हतं, बाबा. कधीकधी नसतं.'

काका एकेक पान उलटत शेवटच्या पानावर आले. नऊ मिनिटांच्या हसण्याशेजारी लिहिलं होतं: 'आईला खणात तुमचा पाच मुद्द्यांचा खुलासा सापडला. मी तो वेण्यांना फोनवर वाचून दाखवत होते. परिशिष्टासह.'

त्यांनी ते तीनदा वाचलं. आधी कान तापले. कार्यालयीन कागद, आणि तो फोनवर. मग हिशेब त्यांच्या लक्षात आला: सव्वा पानाचा खुलासा आणि नऊ मिनिटं हसू. म्हणजे बंधुभावावर ती बरीच थांबली असणार. आणि लेकीला त्या रात्री ज्याचं हसू आवरत नव्हतं, ते म्हणजे दुसरं तिसरं कुणी नसून आपणच, हे कळल्यावर त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनी चष्मा काढून पुसला.

लेक स्वयंपाकघराच्या दारात चहाचा कप घेऊन उभी होती. वीस शब्द काकांच्या डोक्यात रांगेत उभे होते. त्यांनी त्यातला सगळ्यात भारी, 'झकास'साठीचा, निवडला.

"तुझं कालचं वाचन," ते म्हणाले, "एकदम लिट होतं."

लेकीने डोळे मिटले. "बाबा, तो शब्द गेला. केव्हाच गेला. आता फक्त जाहिरातवाले म्हणतात."

"मला सात तारखेलाच शिकवला."

"वहीत ज्यांचं नाव आहे त्या तुमच्या ब्रोसरांना सांगा, त्यांचाही क्लास लावायची वेळ आलीय." ती येऊन समोरच्या खुर्चीवर बसली. "मग आता काय म्हणायचं ते सांगते. आणि काल तुम्ही निघून गेल्यावर काय झालं तेही सांगते. खूप झालं."

काकांचा हात पेन्सिलीकडे गेला. लेकीने पेन्सिल उचलली आणि आपल्या कपाच्या पलीकडे ठेवली.

"लिहायचं नाही. नुसतं ऐकायचं."

"बरं," काका म्हणाले.

ती सांगायला लागली. निळा शर्ट काय म्हणाला, त्यावर वेण्या काय म्हणाली, मधेच ते तसलं इंग्रजी, मधेच हसणं, लहानपणीच्यासारखी टकळी. काका दोन्ही हात खाली घेऊन, मान पुढे करून, अगदी शहाण्यासारखे ऐकत होते. टेबलाखाली मात्र त्यांचं उजवं बोट गुडघ्यावर चालायला लागलं होतं. कप उचलताना लेकीला ते दिसलं. त्यानंतर ती जरा सावकाश सांगायला लागली.